नळीवरचे चार डाग

विज्ञानात मला पंच्याऐंशी पडले, आणि तेव्हापासून घरात कुणाचं काही अडलं की मी पुढे! चिखलीच्या शाळेत नववीत आम्ही मुली दोघीच, त्यात पहिली मी. मग बाबांची बंदूक मी नाही साफ करणार तर कोण?

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचे कपडे, जोडे सगळं देऊन झालं होतं. उरली होती ही एकनळी बंदूक, तीही त्यांच्या वडिलांची. कचेरीतून कागद आला, की सोमवारी आणून दाखवा. धड असेल तर परवाना मायच्या नावावर होईल, नाहीतर बंदूक ठाण्यात जमा. शेषराव काका म्हणाले, हा गंज पाहून साहेब विचारतील, बंदूक आणली का वखराची गंजकी लोखंडी पास? माय हसली नाही.

गंज चढला होता त्याला कारण होतं. खंडेनवमीला बाबा ज्वारीतली रानडुकरं हाकलून घामाघूम घरी आले आणि बंदूक तशीच पूजेच्या पाटावर ठेवली. एरवी ते तेलाचा बोळा फिरवल्याशिवाय ती ठेवत नसत. पण पूजेतलं हत्यार आमच्याकडे दसरा होईपर्यंत कुणी हलवत नाही, पुसतही नाही. दसऱ्याच्या पहाटेच बाबांच्या छातीत कळ आली. नंतर मायनं बंदूक उचलून खुंटीला टांगली, ती टांगलेलीच.

माय मला एवढंच म्हणाली, "सारी घास. फक्त लाकडापाशी ते चार डाग हायेत ना, ते राहू दे."

"काऊन?"

"राहू दे म्हणलं ना."

मला वाटलं, पूजेचं काहीतरी असेल. मायचं असलं फार असतं.

रॉकेल लावून ठेवलं, काथ्यानं घासलं, चुलीची राख घेतली. लाल पाणी वाहू लागलं आणि खालून लोखंड निघालं. मी गाणी म्हणत घासत होते. शेवटी ते चार डागच उरले. शेजारी शेजारी, तिरपे, सगळ्यांत खोल गेलेले. शेवटचा जरा वाकडा. साहेब नेमकं त्यावरच बोट ठेवणार! चिंच चोळून ठेवली, मग भांडी घासतात तसं जीव लावून घासलं. गेले. वरून तिळाचं तेल लावलं आणि मायला हाक मारली.

ती हात पुसत आली. चकाकी तिनं पाहिलीच नाही. थेट लाकडापाशी चार बोटं ठेवली, तिच्या लहान हाताला न साजेल इतकी फाकवून. रोज दिवा लावताना ती तशीच हात ठेवायची. मला वाटायचं, पाया पडते.

"त्यायचा हात होता इथं," ती म्हणाली. "घामाचा."

बाबांची करंगळी बैलगाडीत सापडून वाकडी झाली होती.

माय रागावली नाही. भाकरी करायला उठून गेली.

सोमवारी साहेबांनी नळीवरून बोट फिरवलं, अशी स्वच्छ बंदूक क्वचितच येते म्हणाले, कुणी साफ केली विचारलं.

"माह्या पोरीनं," माय म्हणाली. "लय हुशार हाये."

मी खाली पाहिलं.

येताना एसटीत पोत्यात गुंडाळलेली बंदूक आम्हा दोघींच्या मांडीवर आडवी होती. मायचा हात पोत्यावरून काहीतरी चाचपत होता. बऱ्याच वेळानं मी तो धरला.

"तिथं नाई, माय. जराशी खाली."

जागा मला पक्की ठाऊक होती.