कॉलरवरचे चिमटे

चूक झाली की हसायचं, ही सवय आपल्या किती घरांत आहे! त्या घरात तर तिचा नियमच झाला होता. रात्रीच्या जेवणाला फक्त इंग्रजी बोलायचं. जो चुकेल त्याच्या कॉलरला कपडे वाळत घालायचा चिमटा. नियम वडिलांचा. बँकेत कारकून होते, मुलीचं इंग्रजी सुधारावं एवढीच इच्छा.

पण चिमटे जमायचे ते आईच्या कॉलरवर. 'एन्जॉय'नंतर ती 'टू' लावायची, 'वॉन्ट'नंतर 'इंग'.

"आई, परत टू!" मुलगी टाळ्या पिटायची.

हळूहळू आई खाली मान घालून जेवायला लागली.

आई कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. एकदा तिथे परदेशी गिऱ्हाईक येणार होतं. त्यांना काम इंग्रजीत समजावून सांगायला तिला जमलं, तर कटिंग विभाग तिच्या हाताखाली येणार होता. आदल्या रात्री थोरले दीर जेवायला आले होते. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, बायको गेल्यापासून एकटेच. पहिल्या घासालाच आईच्या कॉलरला चिमटा लागला.

"उद्या दुसऱ्या कुणाला तरी उभं करा, असं कळवते मी," आई मराठीतच म्हणाली.

"का गं?"

"भाऊजी, तिथे इतके चिमटे कुठे लावून घेऊ?"

वडील हसले. "अगं, गंमत असते ती!"

"गंमत कुणाची, ते विचारलंस कधी तिला?" थोरल्यांनी घास खाली ठेवला. "टू कुठे आणि इंग कुठे, मी जन्मभर शिकवलं. अरे, ते बोलून बोलून तोंडात बसतं. तू तोंडच बंद केलंस तिचं!"

"पण दादा, चुकीचं कसं चालवून घ्यायचं?"

"तुझी वहिनी शेवटपर्यंत 'एन्जॉय टू कुक' म्हणायची. मी ऐकत बसायचो. आता माझ्या घरात एकही चूक होत नाही बघ. बोलायलाच कुणी नाही."

वडिलांनी आईच्या कॉलरचा चिमटा काढला.

"बोल ना," ते म्हणाले. "उद्या काय सांगणार आहेस?"

"आय एन्जॉय... टू कट..."

मुलीचा हात सवयीने चिमट्यांकडे गेला. वडिलांनी तो धरला. "मग?"

मग आई बोलत सुटली. कापडाचे थर कसे लावायचे, कात्री कुठून फिरवायची, कापड वाया कसं जात नाही. ताटातले हात वाळले. मध्येच ती चक्क 'एन्जॉय कटिंग' म्हणून गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही!

दुसऱ्या दिवशी ती गिऱ्हाइकासमोर उभी राहिली. चुकली, पण थांबली नाही. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी तिलाच विचारले. घरी आली तेव्हा चिमटे गच्चीत दोरीवर होते, ओल्या कपड्यांना लावलेले.

मित्रहो, भाषा शिकवायची तर शिकवा, पण आधी माणसाला बोलू द्या. चूक उद्या सुधारता येते. घरातलं माणूस बोलतंय, तोवर ऐकून घ्या.