थंडीचा पाय

पार उत्तरेला, ग्रोविकमध्ये, जन्माला यायची सोय नव्हती आणि मरायचीही. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण बाईचं पोट दिसायला लागलं की तिला बोटीत बसवायचे, आणि माणूस जास्त खोकायला लागला की त्यालाही. जमीन बारा महिने गोठलेली, पुरलेला माणूस वर येतो, असं खाण कंपनीचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं. मेलेल्या माणसाला चुलीचा कोळसा द्यायचा की नाही, याचा नियम कंपनीकडे नव्हता, म्हणून तिने मरणच बंद करून टाकलं. जन्म आणि मरण यांच्या मधला भाग, म्हणजे खणायचं, तेवढं मात्र कंपनीने आम्हाला मोकळ्या हाताने दिलं.

आणि काय खणायचो म्हणता? अर्धा कोळसा आमच्या वीजघरात जायचा. वीजघर खाणीत उजेड करायचं, म्हणजे आम्हाला कोळसा दिसावा. उरलेला अर्धा न्यायला बोट यायची, आणि ती यायला-जायला साधारण तेवढाच कोळसा जाळायची. पन्नास वर्षं हा उद्योग बिनचूक चालला. एकदाही नफ्याची चूक झाली नाही.

तर या ग्रोविकमध्ये साठ वर्षं भरली की माणसाने शेवटच्या बोटीने दक्षिणेला जायचं, हा नियम. शेवटची बोट नोव्हेंबरात. तिच्यामागे खाडी गोठते, ती मे महिन्यात सुटते. नियमाला एकच फट होती, कलम सतरा. कंपनीच्या कामात जो जखमी झाला, त्याला जखम आहे तोवर हलकं काम, एक खोली आणि चुलीपुरता कोळसा. या फटीतून आमचा ऑडवार सात वर्षं आत राहिला होता. वय सदुसष्ट. काम दिवाघरात: खाणीत जाणाऱ्याला दिवा द्यायचा, आलेल्याकडून परत घ्यायचा, आणि पाळी सुटल्यावर भिंतीवरचा दिव्याचा एखादा खिळा मोकळा राहिला तर घंटा वाजवायची.

एक्कावन्न साली दोन नंबरच्या खाणीत छत बसलं, तेव्हा ऑडवारने खांद्यावर टेकू धरून ठेवला आणि माणसं बाहेर काढली. किती माणसं? पहिल्या वर्षी तीन होती. ही गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आल्यापासून सात झाली आणि एक घोडा. तेव्हापासून तो डाव्या पायाने लंगडायचा.

दक्षिणेत त्याचं कुणी नव्हतं. एकदा रजेवर गेला होता, अकराव्या दिवशी परत आला.

"काय रे, महिन्याची रजा होती ना?" मी विचारलं.

"झाडं आहेत तिकडे," तो म्हणाला. "मागे काय उभं आहे ते दिसतच नाही. माणसाने राहायचं कसं?"

आता त्या पायाबद्दल. आमच्याकडे दारात बूट काढल्याशिवाय कुठे आत जात नाहीत. कोळशाची भुकटी घरात नको म्हणून सुरू झालेली रीत, पण ती खाणावळीला, दवाखान्याला, कचेरीला, चर्चलाही लागू. पाद्री मोज्यांवर प्रवचन द्यायचा. मोज्याला भोक असलं की प्रवचन आखूड व्हायचं. तर ऑडवार घरात मोज्यांवर नीट चालायचा, आणि बाहेर पडला की लंगडायचा. का? सगळ्या वस्तीने एकमताने ठरवलं की थंडीने. आत ऊब, नस सैल. बाहेर गारठा, नस ताठ. 'थंडीचा पाय' असं नावही पडलं. एका जुन्या डॉक्टराने त्यावर चाळीस पानांचा प्रबंध लिहिला आणि त्या जोरावर दक्षिणेत मोठी नोकरी मिळवली. ऑडवारचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. प्रबंध आपल्यावर लिहिलाय म्हटल्यावर कोण अविश्वास दाखवेल?

अठ्ठ्याहत्तर साली कंपनीने हालग्रिम नावाचा नवा वस्ती-अधिकारी पाठवला. चौतिसाव्या वर्षी डोक्यावरचे केस संपलेले, आणि हुशारी मात्र नुकतीच सुरू झालेली. वस्तीतल्या फालतू तोंडांची यादी करायला आला होता. कलम सतरा त्याने वाचलं आणि ऑडवारला निरोप धाडला: शनिवारी जेवणानंतर खाणावळीत, डॉक्टरांसमक्ष, चालून दाखवा. शेवटची बोट त्यानंतर नऊ दिवसांनी होती.

शनिवारी सगळी पाळी जेवून तशीच बसून राहिली. कॉड माशाचा रस्सा संपला होता तरी चमचे हातात होते. ऑडवार उठला, रश्श्याच्या पातेल्यापासून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. मोज्यांवर. नाकासमोर.

"मला तरी काही दिसत नाही," हालग्रिम म्हणाला.

"साहेब, माशाला ताटात ठेवून पोहायला सांगताय तुम्ही," स्वयंपाकघरातून बोर्गहिल्ड बोलली. तीस वर्षं तिने आम्हाला जेवू घातलं होतं, आणि बोलायची वेळ आली की तेही वाढायची. "बाहेर न्या त्याला. दिवाघरापर्यंत. मग बघा."

"नेतो ना," हालग्रिम म्हणाला, आणि घाईघाईने बूट घालायला गेला.

आता तो दरवाजा डोळ्यांसमोर आणा. कंपनीचे बूट. साठ जोड, सगळे काळे, सगळ्यांच्या तळाला खिळे. आम्हाला आपापले न बघता सापडायचे, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली. हालग्रिमला येऊन आठ आठवडे झाले होते. त्याने आपले बूट काढले होते ऑडवारच्या जागेवर, आणि ऑडवारने, बिचारा बोलणार काय, त्याच्या शेजारी. जाताना साहेबाने हाताला आले ते चढवले. ऑडवारचं लक्ष दाराबाहेर. त्याने उरलेले घातले. दोघांचंही माप त्रेचाळीस. मी मागे माझ्या नाड्या बांधत होतो. पाहिलं सगळं. मधे बोलायची मला सवय नाही.

बाहेर शून्याखाली बावीस अंश. खाणावळ ते दिवाघर दोनशे पावलं. ऑडवार निघाला, आणि देवाशपथ सांगतो, दुसऱ्या पावलाला सगळ्या पाळीचा श्वास अडकला. म्हातारा सरळ चालला होता. कवायतीतल्या शिपायासारखा.

"लंगड ना, म्हाताऱ्या," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"लंगडतोच आहे रे," ऑडवार ओठ न हलवता म्हणाला. "जमत नाहीये."

"पाहिलंत?" हालग्रिम मागून येत होता. "पाहिलंत सगळ्यांनी? डॉक्टर, लिहून घ्या. प्रकृती उत्तम. शेवटच्या बोटीत एक जागा."

डॉक्टर थूरा मात्र ऑडवारकडे बघत नव्हती. "तुम्हाला काय झालं?" तिने विचारलं.

"मला? मला काय होणार?"

"साहेब, तुमचा डावा पाय," बोर्गहिल्ड म्हणाली.

हालग्रिमने पुढचं पाऊल टाकलं, आणि खांदा एकदम वर गेला. त्याच्या पुढचं टाकलं, खाली आला. सगळी वस्ती बघत होती. बोर्गहिल्डने हातातलं फडकं घट्ट पिळलं आणि कळवळून म्हणाली, "अरे देवा. ऑडवारला धरायला दोन दिवस लागले होते. यांना पहिल्याच गारठ्यात धरलं."

बुटांची गोष्ट अशी होती. छत बसलं तेव्हा ऑडवारचा डावा घोटा सुजला होता. डॉक्टराने लोहाराला कळवलं की डाव्या बुटाच्या दोन तळांमध्ये बोटभर जाडीची लोखंडी पट्टी घाल, सहा आठवडे. कचेरीतून कागद लोहाराकडे गेला तेव्हा 'सहा आठवडे' वाटेत गळाले. दर वर्षी नवे बूट आले की लोहार पट्टी घालायचा. लोहार तीन बदलले, कागद तोच राहिला. घोटा दीड महिन्यात बरा झाला होता. ऑडवार समजायचा, लंगडतो म्हणून पट्टी आहे. आम्हीही तेच समजायचो. उलटं धरून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, सत्तावीस वर्षं.

पुढचे चार दिवस हालग्रिम कचेरीच्या दारात आत-बाहेर करत होता. आत मोज्यांवर सरळ. बाहेर बुटांत वाकडा. पुन्हा आत. शेवटी त्याने कपाटातला प्रबंध काढला, आणि पाचव्या दिवशी माझ्या गोदामात आला, चेहऱ्याचा रंग उडालेला.

"एनोक, तू जुना माणूस. ऑडवारचं सुरुवातीला कसं होतं?"

"असंच, साहेब. आधी पाय."

"आधी म्हणजे? मग काय?"

"दुसऱ्या वर्षी झोपेत घंटा ऐकू येते," मी म्हणालो. "आणि तिसऱ्या वर्षी झाडांची भीती बसते. ते मात्र मग जात नाही."

"झाडांची?"

"तुमच्याकडे आहेत का झाडं?"

"सफरचंदाची," तो म्हणाला आणि माझ्या पिपावर बसला. "सात."

मी मान हलवली. अशा वेळी मान हलवण्याइतकं औषध नाही.

पण माणूस कचेरीचा होता. घाबरला तरी कलम विसरला नाही. त्या रात्री त्याने अर्ज लिहिला: कलम सतरानुसार मी कंपनीच्या कामात, वस्तीच्या रस्त्यावर, जखमी झालो आहे; मला दक्षिणेत, उबेला, हलकं काम मिळावं. रोग खरा कशावरून? तर ऑडवारवरून. म्हणून त्यानेच स्वतःच्या अक्षरात लिहिलं की थंडीचा पाय हा खरा आणि न सुटणारा रोग आहे, ऑडवार हा त्याचा पहिला रुग्ण आहे, आणि सध्या त्याला दिसतो तो उतार फसवा आहे. खाली डॉक्टरांच्या सहीची जागा सोडली.

यातलं ऑडवारला काहीच माहीत नव्हतं. बोटीच्या आदल्या दिवशी मी दिवाघरात गेलो तर तो फळीमागे बसला होता, दारात काढलेले साहेबांचे सरळ बूट, शेजारी बांधलेली पिशवी.

"एनोक, एक विचारू? टेकू मी धरला होता ना?"

"सात माणसं आणि एक घोडा," मी म्हणालो.

"मस्करी नको. बूट बदलले आणि सरळ चाललो, म्हणजे पाय खोटा होता. म्हटलं, तेही बुटातच होतं की काय."

मी मस्करी सोडली. मला त्याची सवय नाही, म्हणून जड गेलं. "धरला होतास," मी म्हणालो. "तीन जण होतो आम्ही. मी तिसरा होतो. दगड पडत होते आणि तू मला शिव्या देत होतास की लवकर सरक, गाढवा."

"दिल्या होत्या ना?"

"खूप."

तेव्हा दार उघडलं आणि डॉक्टर थूरा आली. मोज्यांवर, एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात एक बूट. तो तिने फळीवर ठेवला. बाजूला दारातला माझा आणून ठेवला, आणि दोन्हींच्या तळांवर बोट फिरवलं. तिच्या हातातल्याचा तळ माझ्यापेक्षा बोटभर जाड होता.

"साहेब तपासणीला आले, बूट दारात काढले," ती म्हणाली. "हा तुमचा ना, ऑडवार?"

ऑडवारने बूट उचलला, उलटा केला, बराच वेळ बघितला. "माझा," तो म्हणाला. "लिहा डॉक्टर. मला काही झालेलं नाही. लोकांनी म्हटलं आणि मी चाललो."

"लिहीन. मग साहेबांनाही काही झालेलं नाही. साहेब ठणठणीत म्हणून इथे राहतील, आणि तुम्ही ठणठणीत म्हणून उद्या बोटीत." तिने अर्ज फळीवर पसरला. "यात लिहिलंय की तुम्ही दोघेही आजारी. यावर सही केली तर ते उद्या जातील आणि तुम्ही इथे राहाल. एकाला बरं आणि दुसऱ्याला आजारी करायला इथे जागाच नाही. आठ वर्षं मी इथे औषधं देतेय, पण असा कागद पहिल्यांदा पाहिला, ज्याने दोन माणसं एका झटक्यात बरी होतील."

ऑडवारच्या मागे भिंतीवर एकशे चाळीस खिळे होते आणि मोकळे दिसले ते मी रात्रपाळीचे धरले; बाकी प्रत्येकावर दिवा. तो वळून ते बघत बसला. मी मनातल्या मनात त्याला अशा शिव्या दिल्या की लवकर सरक, गाढवा.

"दुखतोय, डॉक्टर," तो शेवटी म्हणाला.

"कुठला?"

"तुम्ही लिहाल तो."

तिने 'डावा' लिहिलं आणि सही केली. पेन कुठे अडलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य न उगवणाऱ्या दिवसांतल्या दुपारच्या अंधारात हालग्रिमला दोघांनी दंडाला धरून बोटीवर चढवलं. पायात तेच बूट, आणि धक्क्यावर सगळी वस्ती टोप्या काढून उभी. बोर्गहिल्डने वाटेसाठी उकडलेला कॉड बांधून दिला आणि सांगितलं की झाडांकडे एकदम बघू नका, सवयीने बघा.

त्याआधी, सही झाली त्या संध्याकाळी, ऑडवारची पिशवी परत त्याच्या खोलीत ठेवायला मी उचलली. लेकाच्याची पिशवी भलतीच जड लागली. उघडून पाहिलं तर दोन सदरे आणि भिंतीवरचे कंपनीचे तीन दिवे.