जोनेलचे चाकांवरचे घर

मित्रांनो, माझी चाके कधीच कुणीतरी काढून नेली. आता मी विटांच्या थरांवर टेकलेली आहे आणि माझ्या दारासमोर गुडघाभर गवत माजले आहे. मी एक जुनी कॅम्पर आहे. कॅम्पर म्हणजे चाकांवरचे घर. मला स्वतःचे इंजिन नव्हते. पुढे ट्रकने ओढायचे आणि मी मुकाट्याने मागे जायचे, एवढेच माझे काम. आज अर्कान्सा राज्यातल्या एका लहान गावात, एका परसात मी पडून आहे. माझ्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. पण माझ्यात राहिलेल्या बाईविषयी आहे.

माझा जन्म इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकून मला उभे केले. पोटात एक पलंग, एक ओटा, दोन शेगड्या, भिंतीला टेकवलेले टेबल आणि बाहेर उघडता येईल असे कापडी छत. व्हर्लिन प्रूइट नावाच्या माणसाने मला विकत घेतले. घेण्याआधी त्याने कलिंगड वाजवून पाहावे तसे माझे अंग ठोकून पाहिले.

व्हर्लिन वेल्डर होता. जमिनीखालून तेलाचे आणि गॅसचे मोठे पाइप जातात, ते तो जोडायचा. काम ज्या राज्यात निघेल तिथे जायचे, ते संपले की दुसऱ्या राज्यात. त्याची बायको जोनेल गावात बायकांचे केस कापायचे दुकान चालवायची. मुलगी टॅलिथा लग्न होऊन गेली आणि घरात जोनेल एकटी उरली.

"चल माझ्याबरोबर," व्हर्लिन म्हणाला. "दोन-तीन कामं करू आणि परत येऊ. तुझं दुकान कुठं पळून जातंय?"

"दुकान नाही पळत, गिऱ्हाइकं पळतात," जोनेल म्हणाली. "एकदा दुसरीकडं केस कापायला बसल्या की संपलं."

तरी तिने दुकानाला कुलूप लावले, कात्र्या एका पिशवीत भरल्या आणि ती माझ्यात राहायला आली.

मग आमचे फिरणे सुरू झाले. ओक्लाहोमाची तांबडी धूळ माझ्या फटीफटीत शिरली. टेक्ससमध्ये माझा पत्रा इतका तापायचा की हात लावला तर चटका बसावा. वायोमिंगच्या वाऱ्यात मी रात्रभर हलायचे. पण आत मात्र जोनेलने असे नेटके घर मांडले होते की कुठलेही राज्य असो, किटली त्याच खुंटीला, मीठ त्याच फळीवर, टॉवेल त्याच दारामागे. शेजारच्या कॅम्परमधल्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, "बाई गं, आमचा नुसता उकिरडा आहे. हा तर महाल!" मी मनातून फुलून जायचे.

सुटीच्या दिवशी कापडी छताखाली खुर्ची टाकून जोनेल कामगारांचे केस कापायची. ओडेल नावाचा एक आडदांड गडी दर वेळी कुरकुर करायचा.

"वहिनी, जरा जपून. इतके कापाल तर बायको मला ओळखायची नाही."

"नाही ओळखलं तर तुझं नशीबच उघडलं म्हणायचं," जोनेल म्हणायची आणि सगळे हसायचे.

पाइप पुरा झाला की मात्र सगळ्यांची पांगापांग व्हायची. बायका गळ्यात पडायच्या, फोन करीन म्हणायच्या. थोडे दिवस फोन यायचे, मग तेही थांबायचे. पुढच्या राज्यात जोनेल पुन्हा पहिल्यापासून ओळखी करायची. हळूहळू तिने तेही सोडले. दोन-तीन कामांची कितीतरी कामे झाली. "हे एवढं संपू दे, मग घरी," असे व्हर्लिन प्रत्येक ठिकाणी म्हणायचा. तो खोटे बोलत नव्हता. त्यालाही तसेच वाटायचे.

वायोमिंगमध्ये असताना जोनेल चष्मा करायला गेली. चष्मेवाल्याने सांगितले, डोळ्यांतला दाब वाढलाय, मोठ्या डॉक्टरला लवकर दाखवा. मोठा डॉक्टर दूरच्या शहरात होता आणि त्याने पुढच्या महिन्यातली वेळ दिली. त्याआधीच पाइप संपला आणि आम्ही नॉर्थ डकोटाच्या वाटेला लागलो.

"काय म्हणाला गं चष्मेवाला?" ट्रकमध्ये बसता बसता व्हर्लिनने विचारले होते.

"म्हातारी झालीस म्हणाला," जोनेल म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

नॉर्थ डकोटात बर्फाने रस्ते बंद झाले. पुढच्या राज्यात नवा डॉक्टर शोधायचा होता. तो शोधेपर्यंत पुन्हा हलायची वेळ आली. दुखत काहीच नव्हते. नजर फक्त कडांकडून मिटत चालली होती, कुणी दोन्ही बाजूंनी पडदे ओढत यावे तशी. तिने केस कापणे बंद केले. हात दुखतो म्हणाली. एकदा शेजारीण दारात येऊन टोमणा मारून गेली, "काल एवढा हात केला, पण तुझं लक्ष नाही. बोलायचं नाही का आमच्याशी?" जोनेल नुसती हसली. त्या दिवसापासून तिने बाहेर निघणे आणखी कमी केले.

माझ्यात मात्र ती सराईतपणे वावरायची. पलंगापासून ओट्यापर्यंतची वाट तिच्या पावलांना पाठ होती. न पाहता ती किटली काढायची, न पाहता शेगडी पेटवायची. व्हर्लिन उजाडण्याआधी जायचा, संध्याकाळी दमून यायचा. पुढ्यात गरम घेवडा आणि मक्याचा पाव यायचा. त्याला शंका यावी तरी कशी?

ओहायोमध्ये त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आला. व्हर्लिनने त्या दिवशी सुटी घेतली. जोनेल शेजारणीबरोबर कपडे धुवायला गेली, तेवढ्यात त्याने जुन्या शेगड्या उखडल्या आणि भट्टी असलेली नवी शेगडी समोरच्या भिंतीला बसवली. जागा व्हावी म्हणून टेबल सरकवले. दुपारी ती आली तेव्हा तो गालातल्या गालात हसत कोपऱ्यात उभा होता.

जोनेलने धुतलेल्या कपड्यांची टोपली नेहमीच्या जागी टेबलावर ठेवली. तिथे टेबल नव्हते. टोपली खाली आदळली.

"अगं, हो हो!" व्हर्लिन हसला. "एवढी खूश झालीस? बोल, कशी आहे नवी शेगडी?"

जिथे जुन्या शेगड्या असायच्या त्या भिंतीकडे तोंड करून जोनेल म्हणाली, "छान आहे रे. फारच छान."

त्या भिंतीवर काहीच नव्हते.

व्हर्लिनचे हसू विरले. "जोनेल," तो हळूच म्हणाला, "शेगडी तुझ्या मागं आहे."

ती वळली नाही. खाली बसून चाचपडत कपडे गोळा करू लागली.

शहरातल्या डॉक्टरने सांगितले, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थोडी औषधाने टिकली तर टिकेल. आधी यायला हवे होते.

"मला सांगितलं का नाहीस?" माझ्या पलंगावर बसून व्हर्लिन विचारत होता.

"कधी सांगणार? दर वेळी तू म्हणायचास, एवढं काम संपू दे. मी संपू दिलं."

"अगं, पण डोळे जात होते तुझे!"

"मला वाटलं, घरी पोचेपर्यंत पुरतील."

व्हर्लिन उठला. त्याने नवी शेगडी काढली, जुन्या शेगड्या पुन्हा जागेवर बसवल्या, टेबल ओढून होते तिथे आणले. काम करताना तो रडत होता, पण आवाज होऊ देत नव्हता.

आम्ही अर्कान्साला परतलो. जोनेलच्या दुकानात आता कुणीतरी माशांचे गळ विकत होते. त्यांचे भाड्याचे घर केव्हाच सुटले होते, म्हणून टॅलिथाच्या घरामागे मला उभे केले. व्हर्लिनला दुसरे काम येत नव्हते, म्हणून काही दिवसांनी तो एकटाच पुन्हा दूरच्या राज्यात गेला. जोनेल माझ्यातच राहिली. लेकीच्या घरात ती जाईना. दिवसचे दिवस दारही उघडेना.

एका हिवाळ्यात माझे छत गळू लागले आणि तिचे अंथरूण भिजले. टॅलिथा तरातरा आत आली.

"आई, बस झालं. आजपासून घरात."

"इथं मला सगळं सापडतं गं. तुझ्या घरात मी आंधळी होईन."

"आंधळी तू आहेसच, आई," टॅलिथा म्हणाली आणि रडायलाच लागली. "पण या डब्यात तू नुसती बसून असतेस. मला बघवत नाही."

लेकीच्या खांद्यावर हात ठेवून जोनेल माझ्या पायरीवरून उतरली. पुढे कितीतरी दिवस त्या घराच्या खिडकीतून भांडी पडल्याचे, फुटल्याचे आवाज येत. एकदा ती मोठ्याने रडली. मग आवाज कमी होत गेले. ती माझ्याकडे पुन्हा आली नाही. व्हर्लिन कामावरून येतो तेव्हा अंगणात तिच्याशेजारी बसतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हांला जपा, आमची डागडुजी करा. मी तसे म्हणणार नाही. माझ्या पलंगावर आता थेट आभाळ गळते, गळू दे. माझ्या डागडुजीला जो वेळ लागेल, त्या वेळात तुमच्या घरात जा. तुमच्या मागोमाग जे कुणी गुपचूप चालत आले असेल, त्याच्याजवळ बसा. कसे आहे म्हणून विचारा. ते 'ठीक आहे' म्हणेल. तेव्हा लगेच उठू नका.