ही वायर काढू नये

मला यंत्रातलं कळतं, असं आमच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं मानलं जातं. ही अफवा मीच पसरवलेली आहे. काम माझं रक्ताचे रिपोर्ट टाइप करून छापायचं. पण कुठलाही दिवा लुकलुकला की डॉक्टरबाई मला हाक मारतात आणि मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढतो. त्याने मी कधी काही दुरुस्त केल्याचं कोणाला आठवणार नाही. मलाही नाही.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, "प्रिंटर आतल्या खोलीत हवाय. तिथपर्यंत वायर पोचत नाही. वायरलेस करता येईल का? चारला सुतार हे प्रिंटरखालचं टेबल न्यायला येतोय. जमत नसेल तर तुमच्या साडूंना बोलावू, त्यांचा धंदाच आहे तो."

"साडू कशाला? दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवायला आले होते. घरातलं इंटरनेट मी तीन दिवस दुरुस्त करत होतो. यांनी हात धुवायला जाता जाता राउटरचं एक बटण दाबलं आणि ते चालू झालं. सगळे हसले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "दुसऱ्यांच्या घरात हात घालायची सवय बरी नाही." साडूंनी टॉवेल जागच्या जागी ठेवला, बायकोला घेतलं आणि निघून गेले. तेव्हापासून दोघी बहिणी भाजीबाजारात भेटतात, पिशव्या हातात धरून, उभ्याउभ्या. बायको मला काही म्हणत नाही. फक्त अधूनमधून विचारते, "एक फोन केलात तर काय झिजणार आहात?" मला लाज वाटते, म्हणून मी तिच्यावरच चिडतो.

तर प्रिंटर. त्याच्या इवल्याशा पडद्यावर बाणाचं बटण दाबत, एकेक अक्षर शोधत पासवर्ड भरायचा. पासवर्ड मीच ठेवलेला, चोरांनी हात टेकावेत म्हणून सव्वीस अक्षरांचा. नवव्या अक्षराला बोट घसरलं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला एकदाचा भरला. पडद्यावर बारीक अक्षरांत काहीतरी आलं, ते मी न वाचता ओके दाबलं. वायरलेसचा दिवा काही लागेना.

राउटर बंद करून चालू केला. प्रिंटर बंद करून चालू केला. मग बाहेर जाऊन चहा घेऊन आलो, म्हणजे मीही बंद होऊन चालू झालो. दिवा नाहीच. जुन्या वायरीवरून मात्र रिपोर्ट बिनबोभाट निघत होते, जणू मला खिजवायला.

साडेतीन वाजले. बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "करू का मी साडूंना फोन?"

बाई फोन करणार, साडू येणार, माझ्यादेखत एक बटण दाबणार. त्यावर दोघी बहिणी काय बोलतील ते ऐकायला मला भाजीबाजारात जायची गरज नव्हती.

"मीच करतो," मी म्हणालो आणि भिंतीकडे तोंड करून नंबर लावला.

"बोला साडूभाऊ," पलीकडून आवाज आला. जसं काही कालच बोलणं झालं होतं.

मी आवाज कोरडा ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वायर काढलीत का?"

"कुठली?"

"प्रिंटरची. ती लावलेली असेल तर असले प्रिंटर वायरलेस धरत नाहीत. पडद्यावर तसं लिहून येतं."

मी प्रिंटरमागे वाकलो. "ती काढता येणार नाही. इथे चिठ्ठी आहे. 'ही वायर कोणीही काढू नये.' खाली दोन रेघा मारल्यात."

"कोणी लावलीय?"

मी चिठ्ठीकडे नीट पाहिलं. सात वर्षांपूर्वी सफाईवाल्या मावशींच्या झाडूत ही वायर अडकून निघाली होती. मावशींना सगळ्यांसमोर झापून मी ही चिठ्ठी लावली होती. आणि सकाळपासून मीच तिला वचकून, बोट न लावता मागेपुढे करत होतो.

"मीच," मी म्हणालो.

साडू हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"मग काढा की," ते म्हणाले. "तुमचीच चिठ्ठी आहे."

मी चिठ्ठी सोलून काढली, वायर ओढली. दिवा दोनदा लुकलुकला आणि लागला.

"लागला," मी म्हणालो.

"छान. आणखी काही?"

"नाही."

फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. बाई मागेच उभ्या होत्या, म्हणून मी सोललेली चिठ्ठी चुरगळून खिशात घातली, स्क्रूड्रायव्हरशेजारी.

"रविवारी जेवायला या," मी म्हणालो. "दोघंही."

"का? इंटरनेट गेलंय का घरचं?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही लावून दिलंत तेव्हापासून एकदाही गेलं नाही. तरी या."