बी काय म्हणते

तात्यांनी द्राक्षाची बी तोंडात घोळवली, तळहातावर थुंकली आणि वेलीखाली टाकून दिली.

“अजून नाही,” ते म्हणाले.

सुनेनं हातातली टोपली खाली ठेवली. आभाळ भरून आलं होतं, तोडणीची माणसं टोपल्या उपड्या घालून बसली होती, आणि सासऱ्यांचं पालुपद कालचंच. नवरा तिच्याजवळ कुरकुरायचा, द्राक्षांतली साखर मोजलीय, पुरेशी भरलीय, उतरवून मोकळे होऊ. बापासमोर मात्र तोंडात मिठाची गुळणी.

तशी ही द्राक्षाची जातच महाबिलंदर. आधी काळीभोर होऊन भल्याभल्यांना फसवते आणि आतून कितीतरी दिवस कच्चीच राहते. साल जाड, गर थोडा, बिया मात्र भरपूर. लाल वाइन करायची तर रस, सालं नि बिया सगळं एकाच टाकीत मुरू द्यावं लागतं. बी कच्ची असली की अख्ख्या वर्षाची वाइन कडूजहर. बी पिकेपर्यंत थांबावं, तर एक पाऊस घडचे घड तडकवून जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून यंत्रं कितीही आली तरी या मळ्यातला तोडणीचा दिवस ठरायचा तो तात्यांच्या दाढेखाली. पिकलेली बी भाजलेल्या दाण्यासारखी कडकन फुटते, आणि त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता.

तात्या पुढच्या ओळीकडे वळले. टोपली उचलायला ती वाकली, तेव्हा तिला मातीत पडलेल्या बिया दिसल्या. तिनं एक उचलली, मग दुसरी. सगळ्या अख्ख्या. दरवर्षी इथं चावून थुंकलेला भुगा पडलेला असायचा.

हिवाळ्यात तात्यांना कवळी बसवली होती. तेव्हापासून ते पाव दुधात बुडवून खायचे, आणि कुणी बघितलं तर म्हणायचे, मला असाच आवडतो. अरे देवा, तिच्या मनात आलं, बी पिकली की नाही हे यांना कळतच नाहीये. चार माणसांत बोलावं तर हे पुन्हा मळ्यात पाय ठेवायचे नाहीत. गप्प बसावं तर पीक हातचं जातं.

गार वारा सुटला. तिनं घडातलं एक द्राक्ष तोडलं आणि तात्यांच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. गर गिळला, बी दाढेखाली धरली.

कडकन.

त्यांच्याकडे न बघता ती पानं सारखी करत राहिली. मग आणखी एक खाल्लं. पुन्हा कडकन.

तात्या जागीच थांबले. नजर आभाळात, कान तिच्याकडे.

“पलीकडच्या टोकाची बघितलीस?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

ती जवळजवळ धावतच गेली आणि मूठभर द्राक्षं घेऊन आली. त्यांच्याजवळ उभी राहून एकेक बी फोडली. शेवटची फुटल्यावर तात्यांनी घसा खाकरला आणि माणसांना हाक दिली, उचला टोपल्या. नवऱ्याचा चेहरा उजळला. आमच्या तात्यांच्या दाढेला तोड नाही, असं तो शेजारच्या गड्याला सांगत सुटला.

तिनं कात्री हातात घेतली. तात्या तिच्याजवळून जाताना क्षणभर थबकले.

“वरच्या तुकड्यातही चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “आणि तिथं जरा हळू चाव. कान शाबूत आहेत माझे.”