कोपरा मॅडम

“मॅडम, तुम्ही घरी पण अशाच कोपऱ्यात उभ्या राहता का?”

विचारला मी एकदाचा! बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बडबडीने मॅनेजरला इतक्या जोरात चिमटा काढला की तो कळवळला. मी हे मॅडमना विचारूच शकणार नाही, अशी पैज त्या दोघांनीच लावली होती. बडबडीला ऐकू येत नाही, पण तिचे हात दिवसभर बोलत असतात, म्हणून ती बडबडी. मॅनेजरला बेरीज जमत नाही, पण वर्गात कोणी कुठे बसायचं ते तोच ठरवतो. आणि तिसरी मी. माझी जीभ आणि डावा पाय सावकाश चालतात. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याला धीर निघत नाही, तोच ते संपवून टाकतो, आणि बहुतेक वेळा चुकीचं! म्हणून इथे मी माझी वाक्यं सरळ लिहिणार आहे, मध्ये टिंबं देणार नाही. कागदावर मी सुसाट आहे.

कोपरा मॅडम हे नाव आम्हीच पाडलेलं. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या आमच्यासारख्या मुलांना कामाला लावून देणं हे त्यांचं काम. कोणाला बेकरीत, कोणाला धुलाईघरात. पहिले काही दिवस त्या अगदी शेजारी उभ्या राहतात. मग खोलीच्या कोपऱ्यात. मग दाराबाहेर. आणि मग एक दिवस येतच नाहीत. त्या आल्या नाहीत की समजायचं, आपल्याला जमलं. कोपऱ्यात असल्या की हाताची घडी आणि तोंडाला कुलूप. मॅनेजरने बेकरीत पावांचा अख्खा ट्रे पालथा घातला, तेव्हाही त्या ढिम्म हलल्या नव्हत्या.

माझ्या प्रश्नावर मॅडम आधी हसल्या.

“घरी? छे गं. घरी माझा दादा आहे. पन्नाशीचा. तुमच्यातलाच एक समज. त्याच्या वेळी अशी शाळा नव्हती. त्याच्या शर्टाच्या गुंड्यासुद्धा अजून मीच लावते.”

“का?”

“सकाळी घाई असते ना.”

“मग लवकर उठायचं!” मागून मॅनेजर म्हणाला. कोणी उशिरा आलं की मॅडम त्याला हेच ऐकवतात.

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. आमचा स्टॉप येईपर्यंत बघतच राहिल्या. पैज मी जिंकले होते, पण मजा आली नाही.

माझं काम बस आगारात होतं, हरवलेल्या सामानाच्या विभागात. मागच्या खोलीत बसून मी छत्र्या, डबे, पर्सेस यांना चिठ्ठ्या बांधायचे. तिथे एक कुबडीसुद्धा होती! कुबडी बसमध्ये विसरून माणूस चालत घरी गेला कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. काम चांगलं होतं. पण मला हवी होती पुढची खिडकी. तिथे माणसं येतात, भांडतात, रडतात, छत्री मिळाली की आशीर्वाद देऊन जातात. खिडकीवाले काका निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा मला हवी होती. आगारप्रमुखांना मी तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग मॅडमकडे पाहिलं.

“खिडकीवर बोलावं लागतं,” ते मॅडमना म्हणाले.

“तिलाच सांगा,” मॅडम म्हणाल्या.

तर त्या दिवशी माझी खिडकीवरची परीक्षा होती. काका बाजूच्या स्टुलावर, आगारप्रमुख मागे उभे, मॅडम कोपऱ्यात. पहिल्या दोन छत्र्या झकास गेल्या. मग एक घामाघूम माणूस आला.

“काळी हातपिशवी. ती बघा, ती! द्या लवकर, माझी बस सुटतेय.”

नियम असा की पिशवीत काय आहे ते सांगितल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. मी विचारायला सुरुवात केली. मी ‘आत’पर्यंत पोचले, तेवढ्यात तो कावला.

“अहो, दुसरं कोणी नाही का इथे? हिला बोलता येत नाहीये!”

मागे रांग वाढली होती. कोणीतरी च्च केलं. माझे कान तापले, जीभ आणखीच अडकली. आणि तेवढ्यात कोपरा हलला! मॅडम, ज्या पावांच्या ट्रेला हलल्या नव्हत्या, त्या तरातरा पुढे आल्या.

“साहेब, ती विचारतेय की...”

“मॅडम,” मी म्हणाले, “कोपऱ्यात.”

हे दोन शब्द मात्र न अडकता आले. मोठ्याने आले. अख्खी रांग चिडीचूप. मॅडम तिथल्या तिथे थबकल्या, हात हवेतच. मग एकेक पाऊल मागे गेल्या. मी त्या माणसाकडे वळले आणि माझा प्रश्न पहिल्यापासून, सगळाच्या सगळा विचारला. हवा तेवढा वेळ घेऊन.

तो माणूस खाली वाकला. “कवळी आहे,” हळूच म्हणाला. “सासूबाईंची. नवी. घरी तोंड मिटून बसल्यात.”

“कधी नव्हे ते!” रांगेतून कोणीतरी ओरडलं, आणि सगळे खो खो हसले. तोही हसला. पिशवी उघडून मी खात्री केली. कवळी होती, चांगली गुलाबी गुलाबी. “सावकाश जा,” मी म्हणाले, आणि हे वाक्य त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

रांग संपल्यावर आगारप्रमुख थेट माझ्याशी बोलले. “शाळेची परीक्षा झाली की ये. जागा तुझी. पण सकाळची पाळी. पहिली बस सुटायच्या आत खिडकी उघडायची. जमेल? घरी विचारून उद्या सांग.”

घरी! तिथेच तर गाडी अडत होती. मॅडमबरोबरचा बसप्रवास सोडला, तर मी एवढीशी होते तेव्हापासून मला सगळीकडे बाबा स्कूटरवरून सोडतात. सकाळी त्या वेळी त्यांची दवाखान्यातली रात्रपाळी सुटलेली नसते.

“मागची खोलीच बरी,” आई म्हणाली. “दुपारची वेळ, बाबा सोडतील, बाबा आणतील. आणि नाहीच जमलं, तर घर आहेच की आपलं.”

“पण मला...”

“पण तुला दुपारचंच सोयीचं, हो ना?” आईने माझं वाक्य संपवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोळ्या लाटायला गेली. अख्ख्या रांगेला गप्प करणारी मी, आमच्या स्वयंपाकघरात गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी कोपरा मॅडम शाळेत उशिरा आल्या. पहिल्यांदाच. मॅनेजरने घड्याळाकडे बोट दाखवलं.

“दादाला म्हटलं, आज तूच लाव गुंड्या,” पर्स खाली ठेवत मॅडम म्हणाल्या. “काय सांगू तुम्हाला! एकेक गुंडी म्हणजे एकेक डोंगर. माझे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी मांडीखाली दाबून बसले.”

“लागल्या?” मी विचारलं.

“लागल्या की. एक खालच्या काजात गेली. शर्ट पार वाकडा. तसाच घालून बसलाय गॅलरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.” हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. “इतकी वर्षं मी त्याला वेळच दिला नव्हता गं.”

बडबडीने हातांनी मला विचारलं, आता तू काय करणार? मी सांगितलं.

शाळा सुटल्यावर मी एकटीने बस पकडली. पायरीवर डावा पाय अडला, मागचे लोक थांबले, मी चढले. आगारात जाऊन प्रमुखांना ‘हो’ म्हणाले आणि बसनेच घरी आले. दारात आई. बाबांच्या पायात चपला, स्कूटरची किल्ली हातात, मला शोधायलाच निघाले होते.

“अगं, कुठे होतीस? कोणाबरोबर आलीस? मॅडमनी सोडलं ना?” आई म्हणाली.

मी चौकातल्या पोलिसासारखा हात वर केला. आई थांबली. बाबा दाराच्या चौकटीला टेकले. मी मोठा श्वास घेतला आणि वेळ घेऊन, एकेक शब्द करत म्हणाले,

“परीक्षा झाली की मी सकाळच्या पाळीला जाणार आहे. खिडकीवर. बसने जाईन, बसने येईन. बाबा, मला सोडायला यायचं नाही. स्कूटरवरून रविवारी फिरायला न्यायचं.”