बदलीचा माणूस

त्या दुपारी ताईच्या हवाली डायलिसिसची चार मशीन होती आणि त्यांना जोडलेले चार पेशंट. तीन वाजता तिच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यासाठी एक वाजल्यापासूनची सुट्टी तिने आठवडाभर आधीच मंजूर करून घेतली होती. पण दीड वाजला तरी बदलीच्या टेक्निशियनचा पत्ता नव्हता.

धाकट्या बहिणीचा तिसरा फोन आला. "आई सारखी दाराकडे बघतेय गं. निघालीस का?"

"निघतेच आहे," ताईने थाप मारली आणि सुपरवायझरला फोन लावला.

"तो येत नाही म्हणतोय. आजचा दिवस सांभाळून घ्या ना. तुम्ही काय, घरच्याच!"

अकरा वर्षं या 'घरच्याच'पुढे ती विरघळत आली होती. ती काही बोलणार, तेवढ्यात तिसरं मशीन कोकलायला लागलं. त्यावरचे मास्तर घामाने चिंब झाले होते, डोळे मिटत चालले होते. प्रेशर धाडकन उतरलं होतं. ताईने फोन टाकला, खाटेची पायाकडची बाजू उचलली, सलाइन सोडलं. पाच मिनिटांनी मास्तरांच्या तोंडावर रंग आला.

"मास्तर, बरं वाटतंय ना?"

"मला वाटतंय. तुमचंच तोंड उतरलंय. जा तुम्ही आईकडे."

पण यांना असं टाकून जायचं कसं? तिने पुन्हा फोन लावला.

"सर, खाली या. तुम्हीही टेक्निशियनच होतात."

"सहा वर्षांत हात लावला नाही मी!"

"मग आज लावा. मी बघते."

ते तणतणत आले. "हे वर कळवणार मी."

"कळवा. आधी मास्तरांचं प्रेशर घ्या."

पहिल्यांदा त्यांचा आकडा चुकला. तिने पुन्हा घ्यायला लावलं. दुसऱ्यांदा बरोबर आला, तेव्हा चारही मशीन एकेक करून समजावून दिली आणि ती धावत सुटली.

ती पोचली तेव्हा स्ट्रेचर ऑपरेशनच्या दाराशी होतं. आईने तिचा हात घट्ट धरला.

"पेशंट कोणाच्या गळ्यात मारून आलीस?"

"साहेबांच्या!"

आई इतकी हसली, की नर्स ओरडली.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी ताई कामावर गेली, तर टेबलावर मेमो. तिने सही केली. पण खाली लिहिलंच : 'बदलीचा माणूस पक्का नव्हता, तर सुट्टी कशी मंजूर झाली?'

उत्तर अजून आलेलं नाही. सुपरवायझर मात्र आता तिला 'घरच्याच' म्हणत नाहीत.